सज्ज्याखालचा टेकू

त्या निवृत्त गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत, कारण कोणाकडे गेला तरी पाण्याचा पेला हातात घेण्याआधी तो एक डोळा मिटून यजमानांची भिंत न्याहाळायचा आणि ती कुठे कलली आहे हे सांगूनच पाणी प्यायचा. अशा माणसाने अडुसष्टाव्या वर्षी शहरांची चित्रं काढायला शिकायचं ठरवलं, तेव्हा बायको म्हणाली की बरं झालं, निदान चित्रातल्या घरमालकांना तरी ऐकू येत नाही.

वर्ग संग्रहालयाच्या दालनात भरे. भिंतीवर तीनशे वर्षांपूर्वीच्या एका उस्तादाचं नामांकित चित्र होतं, उंच दगडी घरांची अरुंद गल्ली, आणि तेच सगळ्यांनी उतरवायचं. शिकवणाऱ्या बाईंनी चित्रासमोर दोऱ्यांच्या चौकटी ताणलेला सांगाडा उभा केला होता. एका वेळी एकच चौकट पाहायची, तिच्यात असेल तेवढंच काढायचं, पदरचं शहाणपण घालायचं नाही. एका सेवानिवृत्त कारकुनाच्या खिडक्या मोजता मोजता चार वाढल्या, एका डॉक्टरीणबाईंचा मनोरा दारू प्यायल्यासारखा झुकला. ओळंब्याची रेघ मात्र ताणलेल्या सुतळीसारखी सरळ, आणि हे तो कारकुनाला रोज ऐकवायचा.

अडलं ते डावीकडच्या सज्ज्यापाशी. एवढा जड दगडी सज्जा, आणि खाली आधार काहीच नाही. तीन दिवस त्याने हात आवरला, चौथ्या दिवशी बाईंची पाठ वळताच सज्ज्याखाली एक भक्कम टेकू रंगवून टाकला आणि बोलणी खायच्या तयारीने पुढच्या वर्गाला आला. बाईंनी वाकून दोन्ही चित्रं पाहिली. "काका, टेकूची सावली अगदी हुबेहूब उतरली आहे," त्या म्हणाल्या.

त्याने वर पाहिलं. मूळ चित्रात टेकू होता, जुन्या रंगाला पडतात तशा बारीक भेगांसकट.

ओळंब्याची छाती फुगली. मेलेल्या उस्तादाने आपलं ऐकलं! तो टेकू माझा आहे, असं त्याने बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी हसून संग्रहालयाची जुनी, पिवळी पडलेली पुस्तिका काढली. तिच्यात छापलेल्या चित्रातही टेकू होता. मग त्याने एक कललेलं धुराडं सरळ केलं, एक आखूड पायरी वाढवली. दर वेळी उस्ताद निमूटपणे वाकला, आणि दर वेळी बाई म्हणाल्या, हुबेहूब. तो शब्द आता त्याला टोचू लागला. चाळीस वर्षं त्याने भिंती उभ्या केल्या आणि दारांवर पाट्या दुसऱ्यांच्या लागल्या. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी म्हणावं की हे तुझं काम.

घर पुरं झालं की ओल्या गिलाव्यात, कोणाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात अंगठा दाबायची त्याला खोड होती. शेवटच्या दिवशी त्याने तोच अंगठा टेकूखालच्या ओल्या रंगात दाबला. रेघ न् रेघ उमटली, छिन्नी लागून पडलेला तिरका व्रणसुद्धा. आता बोला, म्हणत तो मजेत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बायकोला मुद्दाम घेऊन आला. दालनात वर्गाच्या चित्रांच्या प्रदर्शनाला गर्दी होती, आणि बाई सगळ्यांना मूळ चित्रातला तो ठसा दाखवत होत्या: उस्तादाच्या अंगठ्याचा, तिरक्या व्रणाचा, जगप्रसिद्ध. "आणि आमच्या काकांनी तोही सोडला नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"अहो, खरंच तुमच्यासारखाच आहे की," बायको पुटपुटली. "दाखवा ना त्यांना."

ओळंब्याने ऐटीत अंगठा वर केला. सगळे जवळ आले, बायकोने तो अंगठा धरून उलटसुलट केला. म्हणून त्यानेही पाहिलं. अंगठ्यावर व्रण नव्हता, एक रेघ नव्हती. कातडी घोटून काढलेल्या गिलाव्यासारखी सपाट, कडेपर्यंत एकसारखी चकाकत होती.

त्याने सवयीने एक डोळा मिटला आणि अंगठा उजेडाला तिरका धरला. काम बेदाग होतं. अशी घोटाई चाळीस वर्षांत आपल्या हातून एकदाही झाली नाही, हे त्याला मान्य करावंच लागलं.