चार वेळा निघालेला तांब्या

तांब्या आहे मी, प्रवासाचा. माझ्या तोंडाला आटे आहेत आणि वर घट्ट बसणारी फिरकीची झाकणी. घोड्याला उलटा लटकवा, थेंब सांडायचा नाही. मित्रांनो, आता मी जुना झालो, पोटाला दोन पोचे आले, पण ते रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मला सांगायचं आहे ते अनंतपंतांबद्दल. इतका भला माणूस आणि इतका वैताग देणारा माणूस एकाच धोतरात कसा मावतो, ते मला अजून कळलेलं नाही.

पेशव्यांच्या अमदानीत, कसब्यातल्या तांबट आळीत माझा जन्म झाला. तांबटाने मला तीन दिवस ठोकून काढलं. त्या माराचं मला काही वाटलं नाही, कारण तो सारखा म्हणायचा, "हा दूरदेश बघणार!" आणि खरंच, पंतांनी मला घेतलं ते भागानगरला, म्हणजे हैदराबादला, जायचं म्हणून. तिथे निजामाच्या दरबारी पुण्याचे वकील, म्हणजे पेशव्यांचे दूत, होते. त्यांच्या कचेरीत फारसी लिहिणाऱ्या कारकुनाची जागा पंतांना मिळाली होती. परका मुलूख, चार वर्षांचा मुक्काम. हुकूम स्पष्ट होता. मृगाआधी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

पंतांची बायको सगुणाबाई पुण्यातच राहणार होत्या. जवळचं असं दुसरं कुणी नव्हतं. भाड्याच्या खोलीपासून पाण्याचा हौद लांब, आणि घागर वाहून वाहून बाईंची कंबर गेलेली. म्हणून पंतांनी मुठेच्या काठी, अगदी पाण्याला लागून, दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं. चार पायऱ्या उतरलं की नदी.

लोणीच्या वाटेवर मळा करणाऱ्या तुळजाबाई भाजी द्यायला यायच्या. त्यांनी जागा बघितली आणि कपाळाला हात लावला. "पंत, त्या उंबराच्या बुंध्याला गाळ लागलाय, दिसतोय न्हवं? तिथवर पानी येतंय. घर वर घ्या."

"वर घेतलं तर पाणी लांब पडेल," पंत म्हणाले. मग घरी येऊन रात्रभर त्यांना झोप नाही. आपण नसताना पाणी घरात शिरलं, तर सगुणा एकटी काय करील? दुसऱ्या दिवशी त्यांनी दत्तोबा गवंड्याला जोतं दोन हात उंच करायला सांगितलं. धास्ती मात्र दोन बोटंही कमी झाली नाही.

आता माझ्या छळाची गोष्ट. निघायचा मुहूर्त आला आणि काम उरकलेलं नसलं, की आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या जागेत, प्रवासाची एखादी वस्तू तांदूळ-सुपारी घालून ठेवायची. माणूस घरीच असतो, पण मुहूर्तावर निघाला असं धरतात. मात्र दहा दिवसांत खरोखर निघावं लागतं. पंतांचं प्रस्थान म्हणजे मी! फाल्गुनात त्यांनी मला तुळजाबाईंच्या मळ्यातल्या मारुतीच्या देवळात नेऊन ठेवलं. मी आनंदाने फुगलो. दहाव्या दिवशी पंत आले आणि मला काखेत मारून घरी घेऊन गेले. का, तर खुंट्या उंच लागल्या होत्या, सगुणाबाईंचा हात पोचत नव्हता.

चैत्रात पुन्हा मुहूर्त, पुन्हा मी मारुतीपुढे. या खेपेला पायऱ्या. सगुणाबाईंना चढताना कंबरेला त्रास होतो म्हणून सगळ्या उखडून बुटक्या करायच्या ठरल्या. तिसऱ्या वेळी तुळशीवृंदावन हलवलं, कारण तिथे दुपारी ऊन असतं आणि सगुणाबाईंचे पाय भाजतात. दत्तोबा थापी टाकून म्हणाला, "पंत, भागानगर इकडंच आणून बांधू का?" तुळजाबाई तर मला बघून हसायलाच लागल्या. "आलं का आमचं पाव्हणं! ह्यास्नी आता शेंदूरच लावते."

हसा, हसा. प्रवासाच्या तांब्याने आयुष्यात पाहिलं काय, तर मारुतीचे पाय! मला पंतांचा इतका संताप आला होता की फिरकी अडकली तर उघडायचीच नाही असं मी ठरवलं होतं.

चौथं प्रस्थान वैशाखात ठेवलं. तट्टू आणि सामानही मळ्यावर आणून ठेवलं. आता एक दिवस जरी गेला, तरी मृगाआधी भागानगर गाठणं शक्य नव्हतं. आणि निघायच्या सकाळी पंतांनी मला पुन्हा उचललं. "दाराची कडी आतून नीट बसत नाही. तेवढी बदलतो आणि येतो," ते तुळजाबाईंना म्हणाले.

"या सावकाश," तुळजाबाई म्हणाल्या. "तट्टू म्हातारं झालं तर दुसरं बघू."

आम्ही घरापाशी पोचलो. सगुणाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं, मग पंतांना.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"अगं, मी आहे!"

"आपण कोण ते ठाऊक नाही. आमची स्वारी दशमीच्या मुहूर्तावरच भागानगरला गेली. प्रस्थान ठेवलेलं सगळ्या पेठेने पाहिलं आहे. परक्या पुरुषाला मी घरात घेत नाही."

"सगुणे, थट्टा पुरे. ती कडी..."

त्यांनी दार लोटलं. कडी खाडकन बसली, पहिल्याच झटक्यात. पंत दारासमोर नुसते उभे. मग आतून आवाज आला. अगदी हळू, दाराला तोंड लावून बोलल्यासारखा.

"ऐका. जोतं झालं, पायऱ्या झाल्या, खुंट्या झाल्या. नदी काही आपण दुसरीकडे नेऊ शकत नाही. जागा गेली तर या घरात दोघं उपाशी बसू. जा आता. तिथे उभे राहिलात, तर मी दार उघडीन."

पंतांनी दार ठोठावायला उचललेला हात खाली घेतला आणि माझ्या पोटातली सुपारी वाजली. तोवर मी त्यांना वेंधळा समजत होतो. खुंट्या, पायऱ्या, तुळस, सगळं कुणासाठी चाललं होतं ते मला तेव्हा कुठे उमगलं, आणि माझीच मला लाज वाटली. पंत वळले. मुहूर्त कुठला नि काय, तडक मळ्यावर गेले आणि तट्टावर बसले.

मृगाच्या आदल्या दिवशी आम्ही भागानगरला पोचलो. जागा टिकली. वकिलांनी मला हातात घेऊन "पुण्याचं काम आहे हो!" असं कौतुक केलं. पुढे चार वर्षं मी पंतांच्या उशाशी होतो. चिंच लावून घासायचं कुणाला सुचलं नाही, काळा पडलो. दर भाद्रपदात सगुणाबाई शेजाऱ्यांकडून पत्र लिहवून पाठवायच्या. "पाणी पायरीला लागून मागे फिरले. सर्व ठीक. काळजी नसावी." पंत ते पत्र मोठ्याने वाचायचे, डोळ्याला लावायचे आणि शांत झोपायचे. मलाही बरं वाटायचं.

पाचव्या वर्षी आम्ही परत आलो. सगुणाबाई दारातच होत्या, थोड्या वाळलेल्या. पंत आत गेले आणि थबकले. आतल्या भिंतीवर, त्यांच्या छातीइतक्या उंचीवर, मातकट रेघ उमटली होती. चारही भिंतींवर, सरळ. जात्याच्या खाचांत गाळ वाळून बसला होता.

भाजी घेऊन आलेल्या तुळजाबाई मागून म्हणाल्या, "दुसऱ्या सालचं पानी हाय ते. बाई पाच दीस देवळात व्हत्या माझ्याकडं. तापानं फणफणल्या व्हत्या. वाचतील असं वाटत न्हवतं."

"पत्रात तर..." पंत सगुणाबाईंकडे वळले.

"लिहिलं असतं तर परत आला असतात," सगुणाबाई म्हणाल्या. "हातपाय धुवा. पान वाढते."

पंत भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या मांडीवर होतो.

मित्रांनो, तांबं-पितळ घासून ठेवा हे तर मी सांगेनच, पण माझं खरं मागणं वेगळं आहे. दूर गेलात, आणि घरून "सर्व ठीक" असं आलं, तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. पुन्हा विचारा. आणखी कुणाला तरी विचारा. चार वर्षांत पंतांनी एकदाही विचारलं नाही. मी तांब्या आहे, मला बोलता येत नव्हतं. त्यांना तर दोन भाषांत लिहिता येत होतं.