लाल टाक्याचा बूट

“हा बूट तुमचाच ना?” नारीन शहरातल्या अपील कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“माझाच,” साबीरकुल म्हणाला. आत बायकोनं घातलेला लाल टाका होता; नाही म्हणायची सोय नव्हती.

हा काळा रबरी बूट गावातल्याच मामिरकानच्या फोडलेल्या कोठाराखाली सापडला होता. कोठारातली घोड्याच्या मांसाची सॉसेजं गेली होती. खालच्या कोर्टानं तेवढ्यावर साबीरकुलला दोन वर्षं ठोठावली. एक बूट सापडल्यावर दुसरा पुरावा कशाला शोधायचा?

साबीरकुलला तुरुंगापेक्षा सुरी जास्त सलत होती. आमच्या गावात प्रत्येक जेवणावळीत मांस कापून मानाप्रमाणे वाटायचं ते त्यानंच. शिक्षा झाली आणि सुरी त्याच्या चुलतभावाकडे गेली. पहिल्याच पंगतीत सासऱ्याच्या ताटात सुनेचा वाटा पडला.

“बूट तिथं गेला कसा?”

“ठाऊक नाही, बाईसाहेब. चोरीच्या आधी असनबाबाच्या दिवसांच्या जेवणात दाराशी काळ्या बुटांचा ढीग होता. पायात बसले ते घातले नि घरी आलो.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“दुसऱ्याचे बूट नेले म्हटलं असतं, तर आणखी एक कलम लागलं असतं.”

मागून त्याची बायको उमुत बोचकं घेऊन उठली. “हे बघा ते. परवा आतला लोकरीचा नमदा वाळत घालायला काढला, तर खाली हा डाग.”

दोन शिंगांचा डाग. मामिरकान तो घोड्यांवर उठवतो, किटलीवर उठवतो. बायको तेवढी सुटली.

“डाग तुमचा?”

“माझाच,” मामिरकान ताठ उभा राहिला. “माझी वस्तू मी अंधारातही ओळखीन.”

“मग त्या जेवणाहून घरी कोणाचे बूट घालून गेलात?”

मामिरकाननं पायांकडे पाहिलं. तिथं नवेकोरे बूट होते.

“हे कधी घेतलेत?”

“जुन्यातला एक हरवला तेव्हा. चोरीच्या दुसऱ्या...” तो थांबला.

साबीरकुलचे बूट घालून मामिरकान स्वतःच्या कोठारापर्यंत गेला होता, एवढंच या बुटावरून दिसतं आणि तो गुन्हा नाही, असं म्हणून बाईंनी शिक्षा रद्द केली.

बाहेर मामिरकाननं साबीरकुलला गाठलं. “दादा, माझी सॉसेजं मग नेली कोणी?”

“हे कोर्टानं मला विचारलं नाही.”

पुढच्या लग्नात साबीरकुलनं उंबऱ्याशी बूट काढले. एकाला कोर्टाची पुराव्याची चिठ्ठी, लाखेच्या मोहोरेसकट, लोंबत होती.

“तोड की ती आता,” उमुत म्हणाली.

“राहू दे. चुकून कोणी नेणार नाही.”

आत मामिरकाननं सुरी त्याच्यापुढे ठेवली, मूठ त्याच्या बाजूला करून. साबीरकुलनं अंगठ्यावर धार पाहिली.

“पार घालवलीत,” तो म्हणाला आणि दगड मागवला.

मांस निवत होतं. सारी पंगत धार लागायची वाट पाहत बसली.