पाठमोरी ओळख

मास्तरांबद्दल गल्लीत एकमत होतं: कपडे शिवावेत तर त्यांनीच, आणि शिष्ट असावं तर तेही त्यांनीच. सकाळी ज्याच्या पँटचं माप घेतलं, त्याच्याच समोरून ते दुपारी दिव्याच्या खांबाजवळून जावं तसे निघून जायचे. बरं, त्याच माणसाने दुकानात पाठ फिरवली की लगेच म्हणायचे, "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुमचा, मागच्या वेळी आतून गादी घातली होती." एवढं ध्यानात राहणारा माणूस रस्त्यात ओळख देत नाही, याला लोकांनी माज नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

त्यांची माप घेण्याची तऱ्हाही उलटी होती. ते गिऱ्हाइकाला आधी पाठमोरं उभं करत. पाहणारे त्याला कसब समजत. मास्तरांना मात्र पाठ दिसली की नुसतं हायसं वाटायचं, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लोक काय, बोलतात नि विसरतात. मास्तरांना खरं टोचत होतं ते दादाचं. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ; शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सहा वर्षांपूर्वी वहिनीचं ऑपरेशन होतं. मास्तर धावतपळत हॉस्पिटलात पोचले आणि खाली बाकावर बसलेल्या एका माणसाला त्यांनी विचारलं, "काका, चार नंबरचा वॉर्ड कुठे हो?" काकांनी एक अक्षर न बोलता जिन्याकडे बोट दाखवलं. ते काका म्हणजे दादाच होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी बहिणीकडून कळलं. दादाने जन्मभराची दाढी त्याच आठवड्यात उतरवली होती, आणि अंगात कुणाचा तरी ढगळ स्वेटर. त्यात खांदे कुठून दिसणार?

वहिनी बरी झाली, भावांचं बिनसलं ते बिनसलंच. "बायको आत टेबलावर, आणि हा मला काका म्हणून थट्टा करतो," असं दादाने नातेवाइकांत सांगितलं. मास्तरांनी फोन केले. आवाज ऐकला की दादा खाली ठेवायचा. पत्रं लिहिली, पण त्यांत "ओळखलं नाही रे" यापलीकडे लिहिणार काय? सख्ख्या भावाला ओळखलं नाही, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. हळूहळू मास्तरांचाही विश्वास बसेना. आपल्याच मनात दादाविषयी काहीतरी वाईट दडलेलं असणार, नाहीतर असं होईल का, या विचाराने ते आतल्या आत झुरत होते.

अशात मेंदूच्या डॉक्टरीणबाई कोटाच्या बाह्या कमी करायला आल्या. चौथ्यांदा आल्या होत्या.

"पहिल्यांदाच आलात ना?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी नुसती पाठ फिरवली. "अहो, डॉक्टर तुम्ही," मास्तर म्हणाले. "केस कापलेत वाटतं?"

बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपून त्या पुन्हा आल्या, फोनमध्ये चित्रं घेऊन. नुसते चेहरे; केस, कान, कपडे सगळं कापलेलं. मास्तरांची बायको, मास्तरीणबाई, त्यांत आपलाही फोटो देऊन शेजारी बसल्या होत्या. मास्तरांनी एकेका चेहऱ्याला मान हलवली, बहुतेक वेळा नकाराचीच. सातव्यापाशी ते थबकले.

"ही कोण ते नाही सांगता येत. पण बाई तापट दिसते."

"पस्तीस वर्षं संसार करतेय ती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "घरी चला, मग दाखवते तापट." पण त्यांचे डोळे भरून आले होते. नवरा बाजारात आपल्याला ओलांडून जातो, हे त्या इतकी वर्षं गिळत आल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डोळे उत्तम, बुद्धी तल्लख, आठवणही शाबूत. मेंदूत मागे, खालच्या बाजूला एक भाग असतो, तो चेहरे ओळखतो. काहींचा तो भाग जन्मापासूनच कच्चा असतो. मग माणूस आवाजावर, चालीवर, दाढीमिशीवर भागवतो. "तुम्ही पाठीवर भागवलंत. याला औषध नाही, मास्तर. आणि बरेचदा हे घराण्यात असतं."

"म्हणजे माझ्या मनात दादाबद्दल काही वाईट नव्हतं?"

"मनाचा यात संबंधच नाही."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. त्या संध्याकाळी सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना घास गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दादाच्या दुकानात शिरले. उजवा खांदा पुढे काढून एक माणूस घड्याळावर वाकला होता. खांदा दादाचाच. त्याने डोळ्याचं भिंग काढलं, मान वर केली आणि गोड हसला.

"बोला साहेब, काय बिघडलंय?"

टोमणा असेल, असं मास्तरांना वाटलं. पण हसू तसंच होतं, गिऱ्हाइकाला देतात ते, त्यात राग नव्हता. दादा त्यांच्या मनगटाकडे पाहत होता.

"दादा, मी आहे."

हसू मावळलं. "कशाला आलास?"

"तू आत्ता मला साहेब म्हणालास."

"भिंग होतं डोळ्याला."

"काढलंस की. मग म्हणालास."

दादाने भिंगाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: चित्रं, कच्चा भाग, घराण्याचं. दादा स्क्रू गोळा करत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तासभर मी दाराकडे डोळे लावून बसलो होतो. तुझीच वाट बघत. तू आत आलेला दिसला नाहीस मला. पुढ्यात येऊन उभा राहिलास, तरी नाही. काका म्हणालास, तेव्हा आवाजावरून कळलं."

मास्तरांनी खाली पडलेला एक स्क्रू उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मला वाटलं, काळजीने डोळ्यांपुढे अंधारी आली असेल," दादा म्हणाला. "माझ्या चुकीला मी काळजी म्हटलं. तुझ्या चुकीला थट्टा."

त्याने बाहीने डोळे पुसले, स्टूल पुढे सरकवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "अगं ए, बाहेर ये जरा. धाकटा आलाय म्हणतो. तोच आहे का, तेवढं बघून सांग."