चिठ्ठीत निघाला कांदा

बोरोकानं तोंडी परीक्षेत प्रश्नाची चिठ्ठी उचलली आणि चिठ्ठीत निघाला कांदा.

'लाल कांद्याच्या पातळ सालीवर मिठाचं पाणी सोडा. सूक्ष्मदर्शकातून दिसेल त्याचं चित्र काढा. कारण सांगा.' गुण पाच.

माको म्हणजे कांद्याचं गाव; तिथल्या मुलीला याहून सोपं काय? तिथे मूल बोलायच्या आधी कांदा निवडायला लागतं.

"माको ना?" प्रयोगाचं सामान मांडून ठेवणारे गेलेर्ट सर म्हणाले. "म्हणजे रडायची सवय असेल."

"कांद्यानं रडतात ते तुम्ही सेगेद शहरातले, सर."

बोलली खरी, पण आज चुकायला जागा नव्हती. गेल्या वर्षी बारावीच्या जीवशास्त्रात दोन गुण कमी पडले आणि पशुवैद्यकीय कॉलेजाचं दार लागलं. यंदा लेखी बरी गेली होती. तोंडीत हे पाच पडले की काम झालं. नाहीतर पुन्हा बसायचं नाही, असं तिनं घरी स्वतःच कबूल केलेलं.

तिनं साल काढली, काचेवर पसरली, मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला, डोळा लावला. आता पेशीतलं पाणी बाहेर पडेल, जांभळा गोळा भिंतीपासून सुटेल, आकसेल.

काही झालं नाही.

दुसरी साल घेतली. तेच. रंग नुसता फिकट, टेबलक्लॉथवर वाइन सांडावी तसा ओघळलेला.

पुस्तकातलं चित्र तिला पाठ होतं. पेन्सिल कागदावर टेकलीही. मग तिनं कांद्याची पाकळी उजेडात धरली. काचेसारखी, ओली, बोटाखाली लिबलिबीत. हिवाळ्यात कांदे निवडताना आई गुणगुणते, ते कानात आलं:

*थंडीनं चाटला कांदा, अंगी काचेचं पाणी,*
*टाक गं बाई बाजूला, त्याची संपली कहाणी.*

पाठ असलेलं चित्र सोडून तिनं दिसलं तेच काढलं. अर्धा तास संपला. मुख्य परीक्षक टेकला बाईंनी तिचा कागद ओढून घेतला.

"ही मिठाच्या पाण्यातली पेशी?"

"हो, बाई."

"आकसली नाही?"

"जिवंत असती तर आकसली असती. हा कांदा मेलाय. गोठलाय. बर्फानं पेशीचा पडदा फाटला, आता पाणीही येतं-जातं, मीठही येतं-जातं. आकसायचं कुणी?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गेलेर्ट, कांदा कुठे ठेवला होतास?"

"फ्रिजात."

"फ्रिजात कुठे?"

सर छताकडे बघू लागले. "वरती. बर्फाच्या कप्प्यात. म्हटलं, ताजा राहील."

"देवा!" बाईंनी नमुना उत्तर उघडलं. "पोरी, यात आकसलेलीच पेशी आहे. तू म्हणतेस ते खरं असेल, पण मला डोळ्यांनी दिसायला हवं. आण रे एक ताजा."

सर धावले. कॉरिडॉरभर स्वयंपाकघरातल्या माल्वी मावशींचा आवाज घुमला.

"एकच लाल उरलाय! साहेबलोकांच्या सॅलडचा!"

"अहो मावशी, परीक्षेला हवाय!"

"मग जेवताना कांदा कुठे म्हणून विचारायचं नाही, सांगून ठेवते!"

नवा कांदा करकरीत निघाला. साल, काच, थेंब. बोरोकानं श्वास रोखून धरला. एका पेशीचा कोपरा हलला. मग शेजारणीचा. जांभळा रंग हळूच भिंत सोडून आत सरला, सासरी निघालेली लेक उंबऱ्यावरून पाय काढते तसा, आधी थोडा, मग सगळाच. घराघरातून एकेक जांभळा मणी मधोमध जमला.

"बाई, बघा."

बाई वाकल्या. वाकल्या त्या उठेचनात.

"छान," अखेर त्या म्हणाल्या. "आता हेही काढ. मेलेल्याच्या शेजारी काढ."

तिनं काढलं. बाईंनी दोन्ही चित्रं नीट पाहिली, चौकटीत ठळक पाच लिहिला आणि कागद तिच्याकडे फिरवून धरला, तिची खात्री पटेपर्यंत.

"जा आता. जनावरं वाट बघतायत."

बोरोका दाराबाहेर पडली ती जवळजवळ उडतच. आणि मागोमाग, उरलेला अर्धा कांदा मुठीत धरून, गेलेर्ट सर स्वयंपाकघराकडे निघाले. त्यांची तोंडी आता कुठे सुरू होणार होती.