नाव असलेली बाटली

चार महिन्यांत अप्पांनी पाच बाटल्या हरवल्या होत्या. त्यामुळे सहावी घेताना त्यांच्या लेकीने दुकानदाराचं डोकं पार खाल्लं. तिने झाकण उघडून बघितलं, लावून बघितलं, डोळे मिटून पुन्हा उघडून बघितलं. बाटलीत पाणी भरायला लावून ती स्वतःच्या पर्समध्ये उलटी ठेवली आणि दुकानातल्या दुकानात दोन चकरा मारल्या. शेवटी दुकानदार म्हणाला, "ताई, लोक जावई बघतानासुद्धा एवढं बघत नाहीत."

"जावयाने पाणी सांडलं तर चालतं," ती म्हणाली.

थट्टा तिने तोंडदेखली परतवली, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. अप्पा रोज सकाळी दहाला घराबाहेर पडत आणि दोनला परत येत. कुठे जातात ते त्यांना सांगता येत नसे. डोक्यातलं एकेक कपाट रिकामं होत चाललं होतं. लेकीचं नाव कधी आठवे, कधी नाही, स्वतःचं तर जवळजवळ गेलंच होतं. पाय मात्र शाबूत होते. परत येत तेव्हा ओठ फुटलेले असत आणि जीभ टाळूला चिकटलेली. दोनदा दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "यांच्या किडन्या आता फार सोसणार नाहीत. उन्हात फिरतायत तर दर तासाला पाणी पोटात गेलं पाहिजे. पुढच्या वेळी मी हमी देणार नाही."

कुणी म्हणेल, मग दार लावून ठेवायचं. लावलं होतं. अप्पांनी तळहात रक्ताळेपर्यंत ते बडवलं. सोबतीला एक बाई ठेवली, तर अप्पांनी तिला तासाभरात 'उद्या या' म्हणून वाटेला लावलं. लेकीने स्वतः मागोमाग जायचं ठरवलं, पण तिला सुट्टी मिळे ती फक्त रविवारी, आणि रविवारी अप्पा गुण्यागोविंदाने घरात बसून राहत. त्या दिवशी दाराकडे बघतही नसत. असं का, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण रविवारी ते घरात आहेत याचंच तिला एवढं हायसं वाटे, की ती दिवसभर झोपून काढी.

ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची. फिरत्या चकतीवर काच धरायची, वर बारीक पाण्याची धार सोडायची आणि केसाएवढी जाडी उतरवत जायची. तिच्या शेजारच्या चकतीवर एक गृहस्थ बसत. ते दर सुट्टीला पाठीला पिशवी लावून डोंगर चढायला जात, म्हणून सगळे त्यांना डोंगऱ्या म्हणत. बाटली या विषयात त्यांचा शब्द शेवटचा होता.

पहिली बाटली प्लास्टिकची होती. ती हरवली तेव्हा डोंगऱ्या म्हणाले, बरं झालं, उन्हात तापून पाण्याला वास मारतो. दुसरी बटण दाबून उघडणारी, तिसरी नळीची. नळीत घाण बसते आणि बटणाची स्प्रिंग दगा देते, हेही त्यांनी हरवल्यावरच सांगितलं. चौथी दुहेरी भिंतीची, पाणी गार ठेवणारी होती, पण भरली की विटेएवढी जड. म्हातारा माणूस ओझं बघून ठेवून देत असेल कुठेतरी, असं तिला वाटलं. पाचवी तिने हलकी बघून आणली आणि तीही गेली.

"हे बघा," डोंगऱ्यांनी सहावीच्या वेळी बोटं मोजत सांगितलं, "पोलादाची घ्या, एकेरी. तोंड रुंद, म्हणजे हात घालून धुता येईल. झाकण फिरकीचं, आटे मोजके, दीड फिरकीत उघडलं पाहिजे. आतला वॉशर नखाने काढून बघा, निघत नसेल तर पुढे त्यात काळी बुरशी धरणार. आणि खांद्याला पट्टा. पट्टा नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ."

तिने अगदी तशीच घेतली. घरी आणून भरली, वर्तमानपत्रावर दिवसभर आडवी ठेवली. कागद कोरडा राहिला. टेबलावरून तीनदा पाडली, एक पोचा आला, पण गळली नाही. मग तो रविवार होता म्हणून ती अप्पांच्या हातात दिली आणि बघत बसली. अप्पांनी ती उलटसुलट केली, बूड बघितलं, झाकण दीड फिरकीत उघडलं आणि घटाघटा अर्धी रिकामी केली.

"छान आहे," ते म्हणाले.

तिला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं. दुसऱ्या दिवशी ती बाटली कारखान्यात घेऊन गेली आणि फ्रेमवर नंबर कोरायच्या सुईने तिच्यावर अप्पांचं पूर्ण नाव कोरलं, खाली स्वतःचा फोन नंबर. आधीच्या पाचही बाटल्यांवर तिने नाव घातलं होतं, पण चिकटपट्टीवर किंवा शाईने. ते निघालं असेल, पुसलं असेल, म्हणून तर कुणी परत आणून देत नाही, असा तिचा हिशेब. अप्पांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्येही तिने नावाची पट्टी शिवली होती, तर एक दिवस ते नुसत्या बनियनवर घरी आले. उकडलं असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. नाव घातलेलं कडं हातातून गेलं. मागे नाव लावलेला मोबाईल गेला. माणसाचं डोकं चाललंय तिथे वस्तूंचं काय घेऊन बसलीस, असं ती स्वतःलाच सुनावत असे. पण कोरलेलं नाव कुठे जाणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिने भरलेली बाटली त्यांच्या खांद्याला अडकवली. अप्पांनी नावावरून बोट फिरवलं, अदबीने मान हलवली आणि ते निघाले.

दुपारी एकच्या सुमारास चकती थांबवून तिने फोन घेतला. "मी बसस्थानकावरून बोलतोय, कंट्रोलर," पलीकडचा आवाज म्हणाला. "बाटलीवर तुमचा नंबर आहे. आमचे जुने साहेब खुर्चीवरून पडलेत. तुम्ही त्यांच्या कोण?"

बसस्थानक म्हटल्यावर ती तशीच निघाली. अप्पांनी एकतीस वर्षं नोकरी केली ती तिथेच, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. खिडकी दहाला उघडायची आणि रविवारी बंद असायची. पण ती खिडकी बंद होऊन किती वर्षं झाली होती. सामानाची खोली दुसऱ्या इमारतीत गेली, नोंदी संगणकावर गेल्या, जुन्या खोलीला कुलूप लागलं. त्या कुलपाची दुसरी किल्ली अप्पांच्या गळ्यात दोऱ्याला लोंबत होती, आणि ती घरातल्या कुठल्यातरी जुन्या कपाटाची आहे, असं लेक धरून चालली होती.

ती पोचली त्या खोलीला पत्र्याचं छप्पर होतं. आत भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि कंट्रोलर वर्तमानपत्राने वारा घालत होते. "रोज येतात," ते ओशाळून म्हणाले. "आपली किल्ली लावतात, दोन-तीन तास बसतात, कुलूप लावून जातात. कुणाला त्रास नाही म्हणून आम्ही काही बोललो नाही. ते आजारी आहेत हे आम्हाला काय माहीत."

टेबलावर नवी बाटली उभी होती. तिने उचलली. ती काठोकाठ भरलेली होती.

"अप्पा, पाणी प्या," तिने झाकण उघडून त्यांच्या तोंडाशी नेली.

अप्पांनी हात आडवा धरला. "ते दुसऱ्याचं आहे," ते म्हणाले. आवाज जेमतेम निघत होता. "नाव आहे त्याच्यावर."

"तुमचंच नाव आहे ते. वाचा ना."

त्यांनी वाचलं, पहिलं, मधलं, आडनाव, एकेक शब्द नीट. मग तिच्याकडे बघितलं, खिडकीबाहेर ताटकळलेल्या बाईकडे बघावं तसं. "बाई, तुमची अडचण मला कळते. पण मालकाला स्वतः यावं लागेल. तो आला की देतो."

तिने वर बघितलं, आणि मग तिला मांडणी दिसली. मधल्या फळीवर पाच बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्लास्टिकची, बटणाची, नळीची, विटेएवढी जड आणि हलकी. शेजारी घडी घातलेला सदरा, वर कडं, वर मोबाईल. प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर अप्पांचं वळणदार अक्षर होतं, लेकीचं नाव विसरलेल्या हाताचं, पण एकही काना-मात्रा न चुकलेलं. मिळाल्याची तारीख. मालक, म्हणजे त्यांचं स्वतःचं नाव. आणि खाली तारखांमागून तारखा घालून एकच शेरा: मालक आला नाही. मालक आला नाही. मालक आला नाही.

ती लहान असताना बागेतल्या बाकावर तिला एक कंपासपेटी सापडली होती, झाकणावर कुणाचं तरी नाव, आत रंगीत पेन्सिली. अप्पांनी त्या पेन्सिलींना तिला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. नाव असलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, ती जपायची आणि पोचवायची, हे त्यांनी घरातही पाळलं आणि खिडकीवरही. नाव नसलेली बाटली त्यांनी रविवारी घटाघटा प्यायली होती. नाव तिने घातलं होतं, सहाच्या सहा वेळा. हरवू नयेत म्हणून तिने जे जे केलं, त्यानेच त्यांना तहानेने मारायला घेतलं होतं. कंट्रोलरनी साध्या पेल्यात पाणी आणलं, तेव्हा अप्पांनी ते एका दमात संपवलं आणि आणखी मागितलं.

ते वाचले. सलाईनच्या चार बाटल्या गेल्या तेव्हा लघवी उतरली. डॉक्टरीणबाई या वेळी रागावल्या नाहीत, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "थोडक्यात निभावलंय," एवढंच त्या म्हणाल्या.

थोडक्यात का निभावलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाटलीवर नंबर होता म्हणून फोन आला. नाव असेल तर अप्पा पाणी पिणार नाहीत. नाव नसेल तर एखाद्या दिवशी ते स्थानकाची वाट चुकून भलत्याच रस्त्यावर पडतील आणि हे कुणाचे, हे कुणालाच कळणार नाही. तीन दिवस ती हेच घोकत राहिली. घरातल्या दुसऱ्या एका बाटलीवर फक्त नंबर लिहून बघितला, तर अप्पा म्हणाले, "कुणाचा तरी नंबर आहे. लावून बघा, माणूस काळजीत असेल." खिशात चिठ्ठी ठेवली, तर ती त्यांनी टेबलावर आणून दिली. तिने डोंगऱ्यांना सगळं सांगितलं. ते उठले, त्यांनी स्वतःची चकती बदलली, पोलादाला चालणारी खरखरीत चढवली आणि जागा तिला मोकळी करून दिली.

"मी करू का?" त्यांनी विचारलं.

"नको."

तिने पाण्याची धार सोडली आणि बाटली चकतीवर धरली. आधी नंबर गेला. मग आडनाव, जे तिचंही होतं, मग मधलं नाव. पोलाद करकरत होतं आणि तिच्या हातांना झिणझिण्या येत होत्या. शेवटी त्यांचं नाव राहिलं, ज्या नावाने तिची आई त्यांना चिडवायची. तिने थांबून ते एकदा बघितलं आणि घासून काढलं. मागे पोलादावर एक पांढुरका चट्टा उरला.

सकाळी तिने बाटली भरून अप्पांपुढे ठेवली. "ही सापडली," ती म्हणाली.

अप्पांनी चष्मा लावला. बूड बघितलं, झाकण बघितलं, पट्टा दोन्ही बाजूंनी तपासला. चट्ट्यावर बोट जरा रेंगाळलं. "नाव नाही," ते म्हणाले.

"नाही."

"कुणी विचारायला आलं होतं?"

"कुणीच नाही."

"किती दिवस झाले?"

"तीन महिने होऊन गेले." बिननावाच्या वस्तूंचा हा नियम तिला लहानपणापासून पाठ होता.

"मग बेवारस म्हणायची. वापरायला हरकत नाही." त्यांनी झाकण दीड फिरकीत उघडलं आणि डोळे मिटून प्यायले. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी त्यांनी बाहीने पुसलं. तिने बाटली पुन्हा भरली आणि पट्टा त्यांच्या खांद्यावर चढवला. आता त्यांच्या अंगावर कुठेही कोणतंही नाव नव्हतं. दारात ते थांबले, काहीतरी आठवल्यासारखे मागे वळले.

"बाई, एक काम करा. तो गृहस्थ इकडे आला, तर माझ्याकडे पाठवा. त्याच्या पाच बाटल्या आहेत माझ्याकडे. भरलेल्या आहेत. एक थेंबही कमी केलेला नाही म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली.