सुताराच्या अंगठ्यातला विकर

मी एक विकर, म्हणजे एन्झाइम, बोलतोय, तेही हातातलं काम न सोडता. निवांत बसून सांगायला मला सवडच मिळाली नाही कधी.

एका सुताराच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, कातडीच्या एका पेशीत माझा जन्म झाला. तो लाकडात पाडतो तशी एक खाच माझ्याही अंगात आहे. आयसोल्युसिन नावाचं अमिनो आम्ल तिच्यात नेमकं बसतं. ते येतं तेव्हा अगदी मरगळलेलं असतं. तसंच पुढे पाठवलं तर प्रथिनात जोडलं जाणार नाही. म्हणून मी ऊर्जेनं भरलेला एटीपीचा रेणू फोडतो आणि त्याचा एक तुकडा त्याला चिकटवतो. आता ते तरतरीत होतं. मग तो तुकडा सोडवून मी आयसोल्युसिनला टीआरएनए या वाहकाच्या खांद्यावर चढवतो आणि म्हणतो, "चल, नीघ!" पुढे ते प्रथिनाच्या साखळीत ओवलं जातं.

डोकेदुखी एकच. व्हॅलिन. आयसोल्युसिनचा सख्खा भाऊ शोभावा असा, फक्त किंचित बारीक. तोही माझ्या खाचेत शिरतो. कधी मी फसतो, त्याच्यावर ऊर्जा उधळतो, आणि चूक ध्यानात आली की त्याला उठवून बाहेर काढतो. तो चुकून पुढे गेला तर प्रथिन वाकडं व्हायचं.

सुताराची बायको गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत लाकूड कोरायची त्याची पटाशी निसटली आणि अंगठ्याच्या मुळात घुसली. जखम माझ्या पेशीच्या शेजारी येऊन थांबली. नवी कातडी करायची म्हणून आमच्यात एकच धांदल उडाली. पण माल कुठे होता? सुतार जेवतच नव्हता. त्याच्याच मांडीचं मांस मोडून रक्त काहीबाही आणायचं, ते पुरायचं नाही. माझी खाच रिकामी, आणि दारात व्हॅलिन घुटमळतोय.

"बसू का?"

"नको."

"काम अडलंय ना तुझं?"

"अडू दे. तू नको."

मी त्याला हाकलायचो. तो फिरून यायचा. मला घडीभर चैन नव्हती.

पट्टी बदलणारी परिचारिका एकदा म्हणाली, "मलम मी लावते काका, पण कातडी काही मलमातून येत नाही. पुढच्या खेपेला कडा भरलेल्या दिसल्या नाहीत, तर डॉक्टर अंगठा पुन्हा उघडतील. मग पटाशी धरायचं विसरा."

सुतार नुसता "बरं" म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याची थोरली बहीण आली. तिनं अंडी उकडली, ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि समोरच्या खुर्चीत टेकली.

"ताई, त्या खुर्चीत नको."

त्याचं म्हणणं मला कळलं. मी तरी व्हॅलिनला दुसरं काय सांगत होतो?

"बंड्या, मी तिच्या जागी बसले नाहीये रे. माझे गुडघे दुखतात म्हणून बसलेय."

सुताराच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "थांब, दुसरी आणतो."

"आण की. पण आधी एक अंडं खा. रिकाम्या पोटी उचलायला जाशील आणि माझ्याच पायावर पाडशील."

त्यानं उभ्या उभ्या एक खाल्लं. मग दुसरं उचललं आणि विचारलं, "मीठ कुठंय?"

काही वेळानं रक्तातून आयसोल्युसिन आलं. एक, मग दुसरं, मग रांगच लागली. फोड, चिकटव, चढव, चल नीघ! दुसऱ्या दिवशीही तो जेवला, तिसऱ्या दिवशीही. पुढच्या खेपेला परिचारिकेनं पट्टी सोडली, कडा पाहिल्या आणि म्हणाली, "हं. आता कसं!"

त्या अंगठ्यानं सुतारानं पहिलं काम केलं ते ताईच्या खुर्चीचं. बैठक जरा उंच, गुडघ्यांना सोसेल अशी. जुनी खुर्ची अजून तिथेच आहे. तीत कुणी बसत नाही.

आता मी म्हातारा झालोय. मोडीत काढायची खूण माझ्या पाठीवर लागली आहे. मी ज्या अमिनो आम्लांचा बनलो, ती सुटी होतील आणि माझ्यासारख्याच कुणाच्या तरी खाचेत जाऊन बसतील. तोही घाईतच असेल. तसाच एक तुमच्याही अंगात आहे, त्याला रिकामं ठेवू नका. तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल, ताटाकडे बघवत नसेल, तरीही. जेवून घ्या.