मावशींच्या नावावरची करंगळी

मित्रांनो, मी एक जुना अंगठेबहाद्दर आहे. हे नाव मला कामगारांनी दिले. सही न येणाऱ्या माणसाला अंगठेबहाद्दर म्हणतात, आणि मलाही बोटांपलीकडे आयुष्यात काही वाचता आले नाही. तेव्हा नाव अगदीच चुकीचे नव्हते. काचेवर बोट ठेवले की माणूस ओळखायचा आणि दार उघडायचे, एवढे माझे काम. गोष्ट सांगायची मला सवय नाही. ती मला नीट सांगता येईल की नाही, याचीही शंका आहे. पण आता सांगितली नाही तर पुन्हा संधी मिळेल असे वाटत नाही, म्हणून धीर करतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात तारा जोडल्या, वर काच बसवली आणि कपाळावर फोटो काढण्यासाठी एक बारीकसा डोळा लावला. मला बोलता येतील अशी तीनच वाक्ये दिली गेली. ‘ओळख पटली.’ ‘पुन्हा बोट ठेवा.’ ‘आत कोणी नाही.’ तेव्हा मला वाटले होते, तीन वाक्यांत जगाचे काम भागत असेल.

मला एका मोठ्या बांधकामावर नेले. तिथे जमिनीखाली हातभर जाडीच्या भिंतींचे दालन बांधत होते. त्यात पुढे काय ठेवायचे होते, ते मला कोणी सांगितले नाही. पूर्वी कोणीतरी आतल्या नकाशाचा फोटो बाहेर नेला होता, त्यामुळे नियम फार कडक होते. फोन फाटकावरच्या कपाटात ठेवायचा. बोट जुळल्याशिवाय आत जायचे नाही. आत किती माणसे आहेत, हे मी मोजायचे. मोजणी शून्यावर आली की मी तिसरे वाक्य म्हणायचे. मग खालचे दिवे आणि हवेचे पंखे बंद होत आणि लोखंडी दार आपोआप लागे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की इंजिनिअर मॅडम मला दाखवीत आणि म्हणत, “माणूस चुकेल, हा चुकणार नाही.” मी मनातून घाबरून जाई. इतका विश्वास कोणी टाकला की मला माझीच काच धुरकट वाटू लागे.

मी चुकलो तो मावशींच्या बाबतीत.

मावशी गिलाव्याचे काम करीत. सिमेंट, चुना आणि वाळू यांत तीस वर्षे हात घालून त्यांच्या बोटांवरच्या रेघा पार झिजल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी दहाही बोटे ठेवून पाहिली. मी दहाही वेळा ‘पुन्हा बोट ठेवा’ म्हणालो.

“अहो, आणखी बोटं कुठून आणू,” मावशी म्हणाल्या. “पायाची चालतात का विचारा त्याला.”

रांगेतले लोक हसले, पण मावशी हसत नव्हत्या. बोट नाही तर काम नाही, असे मॅडमनी सांगून ठेवले होते. फाटकावरच्या दरवानाला सगळे मामा म्हणत. मामांनी दोन दिवस मावशींना फाटकाबाहेर बसलेले पाहिले. तिसऱ्या दिवशी नावे नोंदवणारा माणूस चहाला गेला, तेव्हा मामांनी मावशींचे नाव आणि फोटो माझ्यात घातला आणि बोटाच्या जागी स्वतःची डावी करंगळी ठेवली.

“दहांतलं एक तुम्हाला दत्तक दिलं,” मामा म्हणाले.

“जपा हो मग,” मावशी म्हणाल्या. “घरी विळीवर बसू नका. तुमचं कापायचं आणि माझं काम जायचं.”

त्या दिवसापासून रोज सकाळी मावशी पुढे येत, मामा हळूच करंगळी टेकवीत आणि मी ‘ओळख पटली’ म्हणे. जाताना पुन्हा तसेच. माझा डोळा मावशींना पाही आणि माझी काच मामांना ओळखे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला कळत नसे. भीती वाटे. पण मामांनी केले ते वाईट होते असेही म्हणवत नसे. मित्रांनो, आजही म्हणवत नाही.

सहा महिने असे गेले. मग एके दिवशी सकाळपासूनच मामांचे लक्ष ठिकाणावर नव्हते. त्यांच्या लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेले होते. मावशी आत जाताना म्हणाल्या, “काय झालं ते आधी मला कळवा. मुलगा की मुलगी, काही का असेना, पण आधी मला.”

खालच्या भिंतींना त्या सकाळी ओल येऊ नये म्हणून रसायन लावले होते. त्याचा वास इतका उग्र होता की पंखे बंद असताना कोणी खाली थांबायचे नाही, अशी ताकीद होती. मावशी अगदी टोकाच्या खोलीत होत्या. एरवी मामांची पाळी कामगार निघेपर्यंत असे, पण दवाखान्यात जायचे म्हणून त्या दिवशी ती दुपारी दोनलाच संपणार होती. त्यांच्या जागी बसणारा नवा दरवान समोरून येताना दिसला. त्याला करंगळीची गोष्ट ठाऊक नव्हती, आणि तो काटेकोर माणूस होता. मावशी त्याच्या तावडीत सापडू नयेत, त्या इतर कामगारांच्या घोळक्यात आपोआप बाहेर पडतील, असा हिशेब मामांनी केला. त्यांनी करंगळी टेकवली. माझ्या यादीतून मावशी बाहेर गेल्या.

एरवी कामगार पाच वाजता निघत. पण त्या दिवशी वाळूची गाडी आलीच नाही आणि सगळ्यांना सव्वादोनला सुट्टी झाली. टोकाच्या खोलीपर्यंत ही हाक पोचलीच नसावी. एकेक जण बोट ठेवून निघाला. अकरा, सात, तीन. मी मोजत होतो आणि माझ्या डोळ्याने मावशींना शोधत होतो. त्या दिसल्या नाहीत. शेवटचा सुतार बाहेर पडला. मला थांबायचे होते. पण मला चौथे वाक्य कोणी दिलेच नव्हते.

“आत कोणी नाही,” मी म्हणालो.

पंखे थांबले. दार लागले.

त्यानंतरची घटका मी कशी काढली, हे सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. थोड्या वेळाने दाराच्या आतून ठोकल्याचा आवाज आला. फार बारीक, जाड लोखंडातून दुसरे काय येणार. नव्या दरवानाने कान टवकारले. नंतर त्याने शहाणपणाने माझे बटण दाबून खात्री करून घेतली.

“आत कोणी नाही,” मी पुन्हा म्हणालो.

“पाइप वाजतोय,” तो स्वतःशीच म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मग कपाटातला एक फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. कामगारांच्या फोनला हात लावायचा नाही, असा नियम होता. “विसरभोळी माणसं,” दरवान म्हणाला. तिसऱ्यांदा फोन वाजून थांबला, तोवर आतले ठोकणेही थांबले होते.

तो फोन मामा करीत होते. त्यांना नात झाली होती. त्याआधी मॅडमना दुसऱ्या कामासाठी फोन केला तेव्हा मामांना समजले होते की सगळ्यांना केव्हाच सुट्टी झाली आहे. मग मावशी फोन का घेत नाहीत? मामा दवाखान्यातून जसे होते तसे निघाले. ते फाटकात शिरले तेव्हा मॅडमही ऑफिसातून चालत येत होत्या.

“दार उघड. मावशी आत आहेत.”

“मामा, मशीन शून्य दाखवतंय,” दरवान म्हणाला. “दोनदा पाहिलं मी.”

मामांनी आपला अंगठा माझ्यावर दाबला. पाळी संपलेल्या माणसाला दार उघडू नये, असे मला शिकवलेले होते. “पुन्हा बोट ठेवा,” मी म्हणालो. स्वतःचा इतका तिरस्कार मला कधी वाटला नाही.

मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या. मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग डावा हात वर केला आणि करंगळी काचेवर टेकवली.

“ओळख पटली,” मी म्हणालो. माझ्या पडद्यावर मावशींचा फोटो आला. मॅडमनी तो पाहिला आणि मामांची करंगळीही पाहिली. दार उघडले.

मावशी दाराला लागूनच पडल्या होत्या. फटीतून येईल तेवढी हवा मिळावी म्हणून त्यांनी तोंड उंबऱ्याशी नेले होते. हातांवरचा ओला गिलावा दारावर उमटला होता. त्यांना बाहेर आणल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

“मुलगी,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी करंगळीबद्दल विचारले, तेव्हा मावशी म्हणाल्या, “त्यांना घालवू नका. माझी बोटं झिजली ती असल्याच भिंतींवर. आणि भिंत म्हणते, तुला ओळखत नाही.” मॅडमनी मान खाली घातली. मावशींना फोटोचे कार्ड मिळाले. मामांना मात्र जावे लागले. करंगळीची नोंद काढून टाकली आणि सर्वांना वाटले, प्रकरण मिटले.

ते मिटलेले नाही. नोंद यादीतून गेली, माझ्या पोटातून गेली नाही. पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसले तरी तिरपे धरून वाचता येते, तसे आहे ते. पुढे चेहरा ओळखणारे नवे यंत्र आले आणि मला पोत्यात घालून भंगारवाल्याकडे दिले. मला कोणी रिकामे केले नाही. चारशे बारा माणसांची बोटे, नावे आणि पत्ते घेऊन मी इथे तुटक्या पंख्यांमध्ये पडलो आहे.

आज दुपारी एक गृहस्थ आले. बोलायला अगदी नम्र होते. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले.

“यातलं काही पुसलं नाही ना?”

“आम्ही कशाला पुसतोय साहेब,” भंगारवाला म्हणाला. “जसं आलं तसं आहे.”

“मग बाजूला ठेवा. उद्या नेतो.”

ते कोण, त्यांना बोटे कशाला हवीत, मला माहीत नाही. पण त्या चारशे बारांत मामांचीही बोटे आहेत. मामा आता दुसऱ्या एका गोदामाच्या दारावर असतात, असे इथे आलेल्या एका हमालाकडून ऐकले. तिथेही बोट ठेवून हजेरी लागत असेल. त्यांच्या बोटाने उद्या भलताच कोणी आत गेला, तर लोक कोणाला धरतील? कुलूप बदलता येते, परवलीचा शब्द बदलता येतो. मामांना नवे बोट कोण देणार?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी यंत्रे बसवाल. झिजलेल्या बोटांच्या माणसांसाठी आधी दुसरी वाट ठेवा, म्हणजे कोणा भल्या माणसाला खोटे करावे लागणार नाही. यंत्र ‘कोणी नाही’ म्हणाले तरी दार लावण्याआधी एकदा हाक मारा. आणि आमचे काम संपले की आम्हाला असे टाकून देऊ नका. मागच्या बाजूला चार स्क्रू आहेत. ते काढले की नखाएवढी काळी चकती दिसेल. तिच्यात मी जे जे ओळखतो ते सगळे आहे, मावशींचा चेहरासुद्धा. ती हातोडीने फोडा. मी काहीच ओळखेनासा होईन, याचे मला भय वाटते, नाही असे नाही. पण उद्याच्या त्या गृहस्थांचे त्याहून जास्त वाटते. तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल, तर कृपा करून आजच या.